कानामागची जागा

अश्लेषाचे केस उमानं मोठ्या हौसेनं वाढवले होते. आठ वर्षांच्या पोरीची वेणी कमरेला टेकायची, आणि रोज सकाळी शाळेआधी मायलेकींचा दहा मिनिटांचा दरबार भरायचा. लेक पाटावर, आई मागं खुर्चीत, दातांत रिबीन. त्यामुळं गाणं निम्मं नाकातूनच यायचं:

पहिला गं पेड, आजीच्या अंगणाचा,
दुसरा गं पेड, मामाच्या मळ्याचा,
तिसरा गं पेड, माझ्या तान्हीच्या हसण्याचा.

तिसऱ्या ओळीला अश्लेषा हटकून हसायची. ती हसल्याशिवाय वेणीला गाठ पडत नसे.

मागच्या मे महिन्यात हिमांशूला वाळूजच्या कंपनीतून आठ दिवसांची रजा मिळाली आणि तिघं हिमाचलात जाऊन आले. सफरचंदांच्या बागेतलं घर, मागं देवदाराचं रान, आणि एका मेंढपाळाचं कोकरू. अश्लेषानं ते कोकरू आठ दिवस खाली म्हणून ठेवलं नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी उमा केस विंचरत असताना उजव्या कानामागं फणी अडकली. मसुराएवढं, करडं, टच्च फुगलेलं काहीतरी कातडीला चिकटलं होतं.

स्वयंपाकाला येणारी लक्ष्मीबाई ओट्यापाशी कणीक मळत होती. मुकुंदवाडीत तिच्या दिराच्या म्हशी होत्या. तिनं लांबूनच ओळखलं.

"ताई, गोचीड हाय ती. वढू नका, थांबा, हात धुऊन येते."

"काहीतरीच काय! आमच्याकडं गोचीड कुठून येईल?" उमानं ती नखानं ओढली, बेसिनमध्ये चिरडली आणि वर नळ सोडून मोकळी झाली. "आणि लक्ष्मीबाई, साहेबांना काही बोलू नका."

गोचीड ढोरांना होते, रस्त्यावरच्या कुत्र्यांना होते. खालच्या मजल्यावरच्या रूपालीला कळलं असतं, तर तिनं आपल्या सोनियाला पुन्हा खेळायला पाठवलं नसतं. उमाला धास्ती होती ती एवढीच. दहा दिवसांनी त्याच जागी लाल वर्तुळ उमटलं, मध्ये फिकट, कडेला गडद. गजकर्ण असेल म्हणून तिनं शहागंजातून मलम आणून चोपडलं आणि कुणाला दिसू नये म्हणून वेणी कानावरून खाली ओढून बांधली. वर्तुळ पसरत गेलं आणि एक दिवस आपसूक विरलं. उमानं सुटकेचा निःश्वास टाकला.

जुलैत डोळे मिचकावणं सुरू झालं. मग खांदा उडायला लागला. मग मान. उजवीकडं एक झटका, पाठोपाठ दुसरा, जणू कुणी मागून सारखं हाका मारतंय. वेणीचे पेड हातातून निसटायचे.

"आशू, मान सरळ."

"सरळच आहे गं."

"नाटकं पुरे. बस सुटेल."

एकदा बस खरंच सुटली. त्या सकाळी उमानं लाकडी फणी उलटी धरून पोरीच्या डोक्यात मारली. जोरात नव्हती मारली, असं ती पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. गाणं तिथंच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी अश्लेषानं पाट उचलला, ओट्यापाशी नेऊन मांडला आणि लक्ष्मीबाईला म्हणाली, "मावशी, तू घाल."

ऑगस्टमध्ये जालना रोडवरच्या डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप आला होता? अंगावर काही उठलं होतं? काही चावलं होतं?

शेजारी हिमांशू बसला होता. अश्लेषानं आईकडं पाहिलं. तिचे ओठ उघडत होते.

"नाही," उमा म्हणाली. "तसं काहीच नाही."

पोरीचे ओठ मिटले.

डॉक्टर म्हणाले, मुलांना असं होतं, टोकू नका, बहुतेक जाईल. त्यांच्या हाती जे उत्तर दिलं होतं, त्यावर दुसरं ते काय सांगणार?

जानेवारीत डावा गुडघा नारळासारखा सुजला. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. गुडघा चाचपता चाचपता त्यांनी विचारलं, "वर्षभरात कुठं डोंगरात, रानात गेला होतात?"

हिमांशूनं हिमाचल सांगितलं, सफरचंदं सांगितली, कोकरूसुद्धा सांगितलं.

"गोचीड वगैरे चावली होती का?"

"छे हो, गोचीड कसली..."

"चावली होती," उमा म्हणाली. आवाज आपलाच आहे का, हे तिलाही कळेना. "कानामागं. मीच काढली. नंतर तिथं लाल वर्तुळ आलं होतं."

हिमांशू वळला. "मागच्या डॉक्टरांना तू नाही म्हणालीस."

"हो."

त्यानं आपली खुर्ची अश्लेषाकडं सरकवली.

रक्त तपासलं. आजाराचं नाव लाइम. आपल्याकडं क्वचितच दिसतो, गोचिडीतून होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुडघ्याचं मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगते. मानेच्या झटक्यांचं नाही. संबंध असेल, नसेलही. असे झटके या आजाराशिवायही मुलांना येतात."

"ऑगस्टमध्येच मी सांगितलं असतं तर?"

"गुडघा बहुतेक वाचला असता. मानेचं मला सांगता येणार नाही."

या बाईनं ओरडावं, असं उमाला वाटलं. ओरडणं एक वेळ सोसलं असतं. 'सांगता येणार नाही' हे कुठं ठेवायचं?

गाडीत तिनं मागं वळून विचारलं, "आशू, त्या दिवशी तू सांगणार होतीस ना?"

"तू नाही म्हणालीस. मला वाटलं, ते सांगायचं नसतं." पोरगी खिडकीबाहेर बघत होती. "मान हलते तेही सांगायचं नसतं म्हणून मी वर्गात दाबून धरते. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन सगळे झटके काढून येते."

चार आठवडे गोळ्या झाल्या. गुडघा उतरला. झटके कमी झाले, गेले नाहीत. गोळ्यांनी कमी झाले की आपोआप, हेही कुणी सांगितलं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी उमानं विचारून पाहिलं, "आज मी घालू वेणी?"

"मावशी घालते ना," अश्लेषा म्हणाली. रागानं नव्हे, पण आईचा हात फणीकडं गेलेला बघून तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. उमानं हात मागं घेतला.

लक्ष्मीबाई पेड पाडत म्हणाली, "ताई, तिसऱ्या पेडाला ही पोरगी रोज थांबतीय बघा. कायतरी गाणं हाय म्हनं. मला येत नाय. तुम्ही म्हना की."

उमा स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणायला लागली. अंगण झालं, मळा झाला. तिसऱ्या ओळीला अश्लेषाची मान दोनदा उडाली. लक्ष्मीबाईचे हात पेड न सोडता थांबले, वाटेत आलेलं वासरू पुढं जाऊ द्यावं तसे, आणि मग पुन्हा चालू लागले. एवढंच करायचं होतं, उमाच्या मनात आलं. एवढंच.

अश्लेषा हसली नाही. केस बाजूला सरले तेव्हा कानामागची जागा दिसली. तिथं काहीच उरलं नव्हतं.

खाली बसचा हॉर्न वाजला. पाठीला दप्तर लावून पोरगी दाराशी आली, आईला वळसा घालून गेली आणि जिन्यातून म्हणाली, "उद्या पण म्हण."

उमा दारातच उभी राहिली. फणी लक्ष्मीबाईच्या हातात होती.