तिसऱ्या रांगेतला प्रॉम्प्टर

"बाबा, तोंड उघडायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं," असं आकांक्षानं निघण्याआधी तीनदा बजावलं आणि कुशाबांनी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. शपथ घ्यायला काय जातंय? खरी गंमत ती पाळताना असते.

पोरीची भीती काही उगाच नव्हती. कुशाबा म्हणजे लालबागचे नावाजलेले प्रॉम्प्टर. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एकतीस वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी नटांना वाक्यं पुरवली. नट अडला रे अडला की यांनी शब्द सरकवलाच. गिरण्या गेल्या, नाटकं गेली, पण जिभेची खोड जाते कुठे? लग्नात भटजी दम खायला थांबले तरी यांचे ओठ हलायला लागायचे.

आकांक्षा ही त्यांची उशिरा झालेली एकुलती एक लेक. दिवसा परळच्या एका ऑफिसात नोकरी, संध्याकाळी विनोद लिहिणं. फोर्टातल्या कला महोत्सवात तिला स्टँडअपची पाच मिनिटं मिळाली होती. लोक हसले तर पुढच्या महिन्यात दादरला वीस मिनिटांचा तिचा स्वतःचा कार्यक्रम. नाही हसले तर नाव यादीच्या तळाशी, आणि पुन्हा वर्षभर वाट बघ. महिनाभर ती दहा बाय बाराच्या खोलीत आरशासमोर तालीम करत होती, आणि मेथी निवडता निवडता कुशाबांना सगळं पाठ झालं होतं. अगदी कुठे श्वास घ्यायचा त्यासकट!

महोत्सव कसला, जत्राच ती. पत्र्याचा दोन मजली कावळा, झाडाला लटकवलेल्या चारशे छत्र्या, आणि जिकडे बघावं तिकडे फोन वर धरून तोंडं वाकडी करणारी माणसं. मालन, म्हणजे कुशाबांची बायको, हिंदमाताच्या कापडबाजारातून घेतलेली नवी साडी नेसून आली होती. चालून चालून पाय दुखले तशी ती एका रंगीत स्टुलावर टेकली. एक स्वयंसेवक धावतच आला. "आजी, उठा, उठा! ही कलाकृती आहे!"

"बसूचा नाय तर स्टूल कशाक केलास रे?" मालननं विचारलं. कुशाबा इतके हसले की कावळ्याचा फोटो काढणाऱ्यांनी यांचाच फोटो काढला.

साडेपाचला मांडवात कार्यक्रम सुरू झाला. नवरा-बायको तिसऱ्या रांगेत बसले. मागे आयोजक प्राची हातात लाल टॉर्च घेऊन उभी होती. टॉर्च पेटली की समजायचं, शेवटचं मिनिट. आकांक्षा माईकपाशी आली आणि कुशाबा खुर्चीच्या टोकाला सरकले.

"आमच्या चाळीत प्रायव्हसी नसते," आकांक्षानं सुरुवात केली. "मी शिंकले की चौथ्या खोलीतून काढा येतो. माझा ब्रेकअप झाला तेव्हा..."

ती थांबली. मांडव शांत झाला. आणि कुशाबांची जीभ, मेली शपथ विसरून, आपली आपण हलली. "अख्ख्या मजल्यानं सुतक पाळलं."

विंगेतली कुजबुज ती! पण इथे मध्ये पडदा नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला. मालननं मांडीला असा चिमटा काढला की कुशाबा खुर्चीतून उडाले.

आकांक्षानं कमरेवर हात ठेवला. "बाबा, मी विसरले नव्हते. याला पॉज म्हणतात!"

मांडव फुटला. लोक खुर्च्या बडवायला लागले. तिनंही संधी सोडली नाही. "हे माझे वडील. प्रॉम्प्टर. आई रागावून गप्प बसली ना, तर हे तिला शिवीसुद्धा सुचवतात!" पुन्हा हशा. कुशाबांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. आता मान कापली तरी बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पुढची तीन मिनिटं पोरगी नुसती उधळली. बोळ्याआड कुशाबा हसून हसून घामाघूम झाले. मग ती म्हणाली, "माझे बाबा एकतीस वर्षं अंधारात उभे राहिले. दुसऱ्यांची वाक्यं बोलले."

आणि थांबली.

वा, काय पॉज घेतलाय! कुशाबांची छाती फुगली. मनातल्या मनात त्यांनी मोजायला घेतलं. तीन, चार, पाच. लोकांचं खुदखुदणं विरलं. सहा, सात.

"अवो, पोरगी इसारली!" मालन कुजबुजली.

"गप. पॉज आहे," कुशाबा बोळ्यातून म्हणाले.

तेवढ्यात आकांक्षाची नजर डावीकडे वळली. तिथे कुणीच नव्हतं, नुसती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. मुद्दाम थांबलेला नट प्रेक्षकांकडे बघतो. विसरलेला नट विंगेकडे बघतो. ही नजर त्यांनी हजार वेळा बघितली होती. मागे लाल टॉर्च पेटली. पोरीचं दादर चाललं होतं हातचं!

शपथ गेली खड्ड्यात. कुशाबांनी बोळा फेकला आणि उभे राहिले. "घरात मात्र त्यांचं स्वतःचं..." एवढंच म्हणाले. प्रॉम्प्टर वाक्याचं नुसतं टोक देतो, अख्खं वाक्य नाही.

आकांक्षाचा चेहरा उजळला. "घरात मात्र त्यांचं स्वतःचं एकच वाक्य आहे," ती म्हणाली आणि पुन्हा थांबली. पण या वेळी ती थेट बापाकडे बघत होती आणि माईक त्यांच्या दिशेनं पुढे धरला होता. तीनशे माना वळल्या.

आता ही विसरली की थांबली? कुशाबांना काही कळेना. पण वाक्य तर त्यांचंच होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि चांगले खणखणीत ओरडले, "आईला विचार!"

काय हसले लोक! पोटं धरून, एकमेकांच्या अंगावर पडून हसले. जन्मभर कुशाबांनी हशा ऐकला तो कापडापलीकडून, दुसऱ्याच्या नावचा. हा समोरून आला, सरळ तोंडावर. हातांचं काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी ते जोडले, तर लोक आणखीच टाळ्या पिटायला लागले.

मागून प्राची टॉर्च नाचवत ओरडली, "दादर पक्कं!" आकांक्षानं स्टेजवरून उडी टाकली आणि बापाच्या गळ्यातच पडली. मालन नव्या साडीच्या पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"चाळीस वर्सां झाली लग्नाक," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचो आवाज आज पयल्यांदा आयकलंय!"