एका कुरणातले दोन खोंड

राजश्रीच्या जळफळाटाचं कारण म्हणजे एका खोंडाचे पुठ्ठे. हसू नका, खरंच सांगतेय.

राजश्री आणि सुमेधा लीड्सच्या एकाच हॉस्पिटलात नर्स, जिवाभावाच्या मैत्रिणी. गावाबाहेर दोघींनी मिळून एक कुरण भाड्यानं घेतलं होतं आणि घरच्या बीफसाठी एकाच शेतकऱ्याकडून दोन वासरं आणली होती. कुरण एक, गव्हाण एक, दाणाही एकच. तरी सुमेधाचा खोंड असा भरला की बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळायची. आणि पहिली नजर कुणाची? राजश्रीच्या सासूची!

"काय गं बाई पुठ्ठे भरलेत! रस्सा करावा तर ह्याचा," भीमाबाई कुंपणाला टेकून म्हणाल्या.

"आणि आपला, आई?"

"आपलाही आहे की," त्या म्हणाल्या, पण तोंड फिरवलं नाही. राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात जयंतीच्या जेवणाचं घोडं. भीमजयंतीनंतरच्या रविवारी कॉव्हेंट्री, वॉटफर्डपासून माणसं लीड्सला यायची. मंडळाच्या बबनरावांनी सांगून ठेवलेलं, "ज्याचं जनावर आधी तयार, त्याच्या घरचा रस्सा." राजश्रीला तो मान हवा होता. सुमेधाला नोकरीत बढती मिळाली, तिच्या पोराला मेडिकलला ॲडमिशन मिळाली. रस्सा तरी आपला असू दे, एवढंच तिचं म्हणणं.

शेवटचे महिने बार्ली घालून अंगावर चरबी चढवायचे. राजश्रीनं बघितलं, सुमेधाचा खोंड गव्हाणीत मुसंडी मारतो. म्हणजे आपल्या तोंडचा घास तोच पळवतो, मेला! तिनं आपला खोंड उचलून वरच्या कुंपणाच्या वाडग्यात, झाडीच्या पलीकडे नेला.

"अगं, वेगळा कशाला?" सुमेधानं विचारलं.

"व्हेट म्हणाला, इन्फेक्शन वाटतंय," राजश्रीनं बिनधास्त ठोकून दिलं.

आता बार्ली समोर आणि भागीदार कुणी नाही. पण खोंड दाण्याकडे बघेना. कुंपणालगत येरझाऱ्या घालायचा, खालच्या कुरणाकडे तोंड करून हंबरायचा. राजश्रीनं गूळ चारला, हात जोडले, शिव्याही हासडल्या. पाठीचा कणा वर आला, बरगड्या मोजता येऊ लागल्या. जयंती तोंडावर आली तसं तिनं मुकाट्यानं फाटक उघडलं. खोंड धावत खाली गेला, दुसऱ्याच्या अंगाला अंग घासलं आणि त्याच्याच गव्हाणीत तोंड घालून बकाबका खायला लागला.

राजश्रीला रडूच कोसळलं. आता रस्सा सुमेधाचाच, हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर सुमेधा म्हणाली, "अगं, कसायाकडची तारीख मी कॅन्सल केली. माझा नेला तर तुझा पुन्हा एकटा पडेल, खाणार नाही. तुझा भरू दे, मग दोन्ही एकदम नेऊ. जयंतीला चिकन करतील."

रविवारी हॉलमध्ये सगळ्यांच्या पानात चिकन आणि सगळ्यांच्या तोंडी सुमेधाचं नाव. "मन असावं तर असं!" बबनराव माईकवरून म्हणाले. भीमाबाईंनी तर सुमेधाची अलाबला घेतली, आणि राजश्रीला कोपरखळी मारून म्हणाल्या, "शिक जरा."

राजश्रीनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. नेला असता सुमेधानं खोंड, केला असता रस्सा, तर निदान घरी जाऊन तिच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती. आता तेही गेलं.