चालत्या गतीने

डबल बास वाजवणाऱ्याला कुणी हार घालत नाही, पण तो अडखळला की अख्खा वाद्यवृंद तोंडघशी पडतो. माणसाहून उंच असं ते खर्जाचं वाद्य वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या खर्जकाकांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा माजही होता. तंतुवाद्यांच्या एका नेहमीच्या रचनेतल्या मधल्या, संथ भागात तर त्यांना गज हातात घ्यावाच लागत नसे. प्रत्येक ठोक्याला एक तार बोटाने छेडायची, बस्स. समोर उभा राहणारा हवेत कितीही हात हलवो, लय खरी काकांच्या बोटात.

ती लय गेली काही वर्षं मुंगीच्या पावलांची झाली होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. काकू याच वाद्यवृंदात व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची जरा थोराड, खालच्या आवाजाची बहीण, वाजवायच्या. त्या गेल्या तेव्हा शोकसभेत हाच भाग वाजवला, आणि काकांचं बोट तारेवरून निघता निघेना. बाकीचे त्यांच्यासाठी थांबत थांबत वाजवत राहिले. पुढेही दर वेळी तसेच थांबत राहिले. रचना मायनरमधली, सूर मुळातलेच हळवे, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही वाटायचं की हे असंच असणार.

मग नवीन कंडक्टरबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या आणि बोलायला फटकळ. पहिल्याच तालमीत त्यांनी मधला भाग निम्म्यात थांबवला.

"काय हो, कोण गेलंय?" त्यांनी हसत विचारलं.

तालमीची खोली म्हणजे एका बंद छापखान्याचा वरचा मजला. पहिल्या व्हायोलिनवरच्या अक्का गजाचा स्क्रू उगाचच पिळत बसल्या. व्हिओलावालीने मान खाली घातली. ती दिवसा लोकांचे दात काढायची आणि संध्याकाळी काकूंच्या खुर्चीत बसायची. तिथे बसणं हा जणू तिचाच गुन्हा होता.

बाईंना काही कळेना. "अहो, वर लिहिलंय बघा, आंदान्ते. म्हणजे चालत्या गतीने. मायनर म्हणजे काय नुसतं रडगाणं असतं? मन भरून आलं तरी माणूस चालतोच की!"

"आमच्याकडे हे असंच वाजवतात," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्या वाद्याच्याही खाली गेला होता.

चहाच्या सुट्टीत अक्कांनी बाईंना जिन्यात नेलं. परत आल्या तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या सरळ काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, माझी जीभ झडली कशी नाही! मला खरंच माहीत नव्हतं. आपण पूर्वीसारखंच ठेवू या. मी तुमच्या मागून येईन."

"बरं," काका म्हणाले.

म्हणजे जिंकले की! पण जिंकल्यासारखं काही वाटेना. ते पाय मोकळे करायला बाहेरच्या लांब बोळात गेले. त्यांना खरी भीती एकच होती. ती लय सुटली की बायको उरलीसुरलीही जाईल.

'चालत्या गतीने म्हणे!' मनाशी धुसफुसत त्यांनी आपल्याच लयीत सूर गुणगुणत, ठोक्याला एक पाऊल असं चालून पाहिलं. एक पाय उचलला की पुढचा ठोका येईपर्यंत बगळ्यासारखं उभं राहायची वेळ आली. शेवटी भिंतीला हात टेकावा लागला. कुणी पाहिलं नाही ना, म्हणून त्यांनी मागे वळूनही बघितलं.

मग ते नुसतेच चालू लागले. गुणगुणणं पावलांना जुळलं, आणि त्यावर, कुणी न बोलावता, व्हिओलाची ओळ येऊन बसली. इतकी वर्षं तिचा एकेक सूर सुटा पडला होता, भिंतीतल्या भरावासारखा. आता त्या सुरांची ओळ झाली. काय ओळ होती! व्हायोलिनच्या जरा आधीच शिरायची, खाली वाकायची, आणि मायनर उलगडून मेजरचा उजेड पडतो त्या जागी सगळ्यांच्या आधी हजर व्हायची. काकू तिथे पोचल्या की मान वळवून काकांकडे बघायच्या, चला ना, अडता काय!

काका बोळाच्या टोकाशी थांबले. तिची आठवण जपता जपता आपण तिचं वाजवणंच घालवून बसलो, हे त्यांना कळलं.

आत येऊन त्यांनी वाद्य खांद्याशी घेतलं. "बाई, हात जरा खालीच ठेवा. लय मी देतो."

त्यांनी तार छेडली, चालत्या गतीने. अक्कांचा गज घसरला. बाकीचे लगबगीने मागे आले, पण आठ-दहा ठोक्यांतच सगळे पुन्हा काकांसाठी थांबू लागले. इतक्या वर्षांची माया ती, हाताला लागलेली सवय. एका दमात कशी सुटणार? व्हिओलावाली तर सगळ्यांत जास्त थांबत होती.

काकांनी तारांवर तळवा ठेवला. "माझ्यासाठी थांबू नकोस गं. ती कधी थांबली नाही. माझ्या अर्धं पाऊल पुढेच असायची. तूही हो पुढे. ओढ मला."

"आणि चुकलं तर, काका?"

"चुकू दे! दात उपटताना एवढा विचार करतेस का?"

खोलीभर हसू पसरलं आणि पुन्हा सुरुवात झाली. या वेळी ती पुढे झाली, आधी बिचकत, मग बेधडक. मेजरच्या जागी ती सगळ्यांच्या आधी पोचली. तिचा हात काकूंचा नव्हता, गजावरचा दाबही वेगळा होता, पण ओळ तीच होती आणि फार सुंदर होती. काका तिच्या मागे अक्षरशः धावले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं.

शेवटचा सूर विरला. बाईंनी हात अजून वर केले नव्हते.

"परत एकदा," काका म्हणाले. "मला अजून ऐकायचंय तिला."