न भरलेल्या बैठकीचं रजिस्टर

लाल कापडी पाठ. चौसाळ्याच्या जीपचं भाडं. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं. लोखंडी बाक.

मी लाल पाठीचं, हजेरी आणि निर्णय लिहायचं एक जुनं रजिस्टर आहे. केजमधल्या एका बालकल्याण सल्लागार समितीचं. निर्णयाखाली तीन सदस्यांच्या सह्या हव्यात. कमी पडल्या, तर बैठक झालीच नाही असं धरतात.

मित्रांनो, माझी पानं कोरी होती तेव्हा कारकून बंकटनं मला खाकी कव्हर घातलं होतं. सदस्य तिघं. शहादेव गुरुजींना पेन्शन, संगीता वकीलबाईंना अशिलं. तिसऱ्या सदस्य भामाबाई, शेतमजूर. सहीपुरतीच अक्षरं येणाऱ्या. दर बुधवारी त्या दिवसाची मजुरी बुडवून यायच्या. बैठकीचा भत्ता अकरा महिने आला नाही. तरी यायच्या.

एका बुधवारी चौदा वर्षांची अंजली आली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, चुलता तिचं लग्न उरकायच्या मागे. बाकीचे दोघे सदस्य कागद चाळत होते. भामाबाईंनी विचारलं, "तुला काय पायजे, बाय?"

"वसतिगृहात ठिवा. लगीन नगं."

"पुढच्या बुधवारी लिवून देऊ. ये बरं का. मी हाय."

पुढच्या बुधवारी एकही सदस्य आला नाही. "फुकटची सभा कोण भरवतंय बे?" गुरुजी बंकटला फोनवर म्हणाले. भामाबाईंकडे चौसाळ्याहून केजला यायला जीपचं भाडं नव्हतं. त्या कापूस वेचायला गेल्या.

बैठक मोडली की बंकट मला पिशवीत घालून सह्या गोळा करायचा. गुरुवारी दोन सह्या घेऊन तो शेतात पोचला.

"मावशी, सही करा. हजेरी पुरी दिसली की भत्ता सुटतोय."

"पोरीचं लिवलंय का?"

"हाय की त्यात. उरका, लई ऊन हाय."

भामाबाईंनी पदराला बोटं पुसली. सही केली.

वर लिहिलं होतं: अंजलीस चुलत्याच्या ताब्यात द्यावे. बंकटनं ते मागच्या पानावरच्या दुसऱ्याच प्रकरणावरून उतरवलं होतं. फक्त नाव बदललं होतं.

महिन्याभरात भत्ता जमा झाला. अंजलीचं लग्न त्याआधीच झालं. भामाबाई पुन्हा येऊ लागल्या. त्या आता काही विचारत नाहीत.

माझी पानं भरली. आता मी कपाटावर आहे, कडेनं वाळवी लागली आहे. ती झटकली नाही तरी चालेल. पण मित्रांनो, मुलांसाठी दिवस मोडून येणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला वेळेवर द्या. आणि न भरलेल्या बैठकीखाली सही करू नका.

बैठक न भरलेल्या त्या बुधवारी अंजली सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर बसली होती.