घरच्या ओळीतला अननस

चूक माझीच. आमच्याकडे, थायलंडातल्या प्राणबुरीला, अननसाच्या शेतात कुंपणालगतची एक ओळ घरासाठी सोडतात. बाकीच्या रोपांच्या शेंड्यात फूल धरायचं औषध ओततात, म्हणजे सगळं फळ एकदम येतं. घरची ओळ आपल्या लहरीने पिकते, त्यामुळे घरात अधूनमधून एखादं पिकलेलं फळ असतंच. यंदा माझ्या नवऱ्याला, सावाटला, घशाचा कर्करोग निघाला. दवाखान्याच्या खेपांमध्ये कामं उरकायची घाई; मी एका सकाळी घरच्या ओळीतही औषध ओतून मोकळी झाले.

आता चार दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या. त्याने अननस मागितला. शेतातलं फळ पिकायला अजून वीस दिवस होते.

शेजारच्या बुनरोतने बाजारातून एक आणला. सावाटने पडल्यापडल्या फळाला टिचकी मारली.

"टणटण वाजतंय. तुझ्या डोक्यासारखं पोकळ आहे रे."

"मरायला टेकलास तरी जीभ काही सुधारत नाही तुझी," बुनरोत म्हणाला आणि बाहेर जाऊन रडला.

मी शेतात गेले. एकेका फळाला टिचकी मारत सुटले. पिकलेलं फळ बद्द वाजतं. इथे सगळी टणटण. नख फुटलं, तरी थांबले नाही. कुंपणाजवळ एक बद्द वाजलं. ते छातीशी धरून धावत घरी आले.

सावाटने टिचकी मारली. "म्हातारे, हे आपटलेलं आहे."

"तुझे कान गेलेत!"

कापलं, तर एक बाजू काळी पडलेली, बाकी पांढरंफटक. तरी मी फळाचे डोळे काढले, मीठ चोळलं, फडक्यातून पिळून चमचाभर रस त्याच्या तोंडात सोडला. त्याने कसाबसा गिळला.

"गोड आहे."

मी चमचा चाटला. जीभ चरचरली. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने आंबट फळाला कधी गोड म्हटलं नव्हतं. व्यापाऱ्यापुढे नाही, लग्नाच्या दिवशी माझ्या आईपुढेही नाही.

"खोटं बोलू नकोस!" मी ओरडले. "आंबट आहे म्हण! वीस दिवस थांबतो म्हण!"

"गोडच आहे गं," तो म्हणाला, आणि मी दुसरा चमचा पुढे केला तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही.