तीन महिन्यांचं काम

सुताराने कठड्याचा हलणारा सांधा अंगठ्याने दाबून पाहिला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, तसा त्याने हात मागे घेतला.

"घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत दरमहा आठ हजार पोटगी, न्यायालयात भरायची," त्या म्हणाल्या. "मागच्या तारखेला तुम्ही तशी लेखी हमी दिलीत. तीन महिने झाले. एक पैसा भरलेला नाही."

"दिलेत ना, मॅडम. कामात वळते केले."

"म्हणजे?"

"मुलीचा पलंग, स्वयंपाकघरातली कपाटं, पुढचं दार. लाकूड माझं, मजुरी माझी. आमच्या धंद्यात असंच चालतं. रोकड नसली की काम करून द्यायचं."

"पावती?"

बायकोकडे पावती मागायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या बाकावरून बायको उठली. भावाने तिचं मनगट धरलं. न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज त्यानेच तयार करवून घेतला होता. कागदांच्या गठ्ठ्यात तिने त्याच्यावर भिस्त ठेवून, न वाचता सह्या केल्या होत्या. तिने मनगट सोडवून घेतलं.

"मॅडम, यांनी खरंच काम केलंय. मीच म्हटलं होतं, पैसे राहू द्या, आधी दार बसवा. चोराचिलटांची भीती वाटायची."

"अर्जावर सही तुमची आहे."

"मागे घेते अर्ज."

न्यायाधीशबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पोटगी तुमची, बाई. हमी मात्र यांनी न्यायालयाला दिली होती. ती मोडल्याची माफी तुमच्या हातात नाही."

सात दिवसांची कैद. थकबाकी भरल्यास सुटका.

बाहेरच्या बाकावर सुतार पोलिसाशेजारी बसला.

"सोमवारी शाळेची चाळीस बाकं पोचवायचीत," तो बायकोला म्हणाला. "नाही पोचली तर काम दुसऱ्याला देतील. वर्षभराचं काम आहे."

"मला आत आणखी बोलायचं होतं, पण काय बोलायचं तेच—"

"तू बोललीस की."

"बरी अद्दल घडली," भाऊ म्हणाला. "सरळ बोटाने तूप निघतं का कधी?"

"दादा, तू जरा गप्प बस."

ती पैसे भरायच्या खिडकीशी गेली. कारकुनाने आदेश वाचला.

"चोवीस हजार. पाचच्या आत."

"कुणीही भरले तर चालतात?"

"चालतात. पावती तुमच्या मिस्टरांच्या नावाची निघेल."

"आणि मग ते पैसे कुणाला मिळतात?"

कारकुनाने पान उलटलं. "अर्जदार पत्नीला. वेगळा अर्ज करायचा, ओळखपत्र जोडायचं. महिना-दीड महिना धरून चाला."

तिने पर्स उघडली. आत पाचशेच्या तीन नोटा होत्या. पर्स मिटून ती भावासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, चोवीस हजार हवेत."

"त्याला सोडवायला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझी पोटगी भरायचीय," ती म्हणाली. "पाचला खिडकी बंद होते."