शालू मॅडम

"राँग नंबर," असं म्हणून हिंदुरावांनी फोन कानापासून काढला, तेवढ्यात पलीकडची मुलगी घाईनं म्हणाली, "सर, एक मिनिट. शालू गेनबा पासलकर. हाच नंबर आहे ना त्यांचा?"

गॅसवरचं दूध वर आलं होतं. हिंदुरावांचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच राहिला. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं. फोन तोवर कट झाला होता.

फोन सुहासिनीचा, त्यांच्या बायकोचा होता. ती जाऊन आठ महिने झाले, तरी ते तो रोज रात्री चार्जिंगला लावत आणि महिन्याच्या महिन्याला रिचार्ज करत. त्यावर कुणाकुणाचे फोन यायचे. विमा, दुबईची सहल, गुडघ्याचं तेल. सगळे एकच विचारत, शालू मॅडम आहेत का. हिंदुराव सगळ्यांना राँग नंबर म्हणून सांगत. त्यांच्या माहितीत शालू एकच होती, त्यांची थोरली वहिनी, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली होती.

पण गेनबा पासलकर म्हणजे त्यांचे सासरे.

हिंदुराव शेगडी न पुसताच खुर्चीवर बसले. लग्नात त्यांच्यासमोर तांदळाचं ताट ठेवलं होतं. नवरीचं नाव शालू. थोरली वहिनीही शालू. एका घरात दोन शालू कशाला, असं आत्या म्हणाल्या, आणि आत्यांनी सुचवलेलं नाव त्यांनी अंगठीनं तांदळात लिहिलं. सुहासिनी. त्या दिवसानंतर तिला शालू म्हणून कुणी हाक मारली नाही. त्यांनी तर एकदाही नाही.

मग आत्ता कोण मारत होतं?

ते ताडकन उठले. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. मशीन कुठं गळतंय हे शोधायचं तर एकेक जोड तपासत मागं जायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी कपाटातली पिशवी जमिनीवर ओतली. रेशनकार्डावर सुहासिनी. आधारवर सुहासिनी. बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, दवाखान्याची फाइल, सगळीकडे सुहासिनी हिंदुराव चोरघे. तळाशी प्लास्टिकच्या कव्हरात तिची पदवी होती. बी. एस्सी., वनस्पतिशास्त्र, १९७८. शालू गेनबा पासलकर.

"सापडलं," ते मोठ्यानं म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी घरात त्यांचा एवढा आवाज निघाला होता.

नाव पदवीवर होतं. पण १९७८ साली मोबाइल नव्हते. म्हणजे नंबर तिथं नंतर कुणीतरी दिला होता. त्यांनी पदवी आणि मृत्यूचा दाखला पिशवीत घातला, इस्त्रीचा शर्ट काढला, आणि बिबवेवाडीच्या स्टॉपवर बससाठी उभं राहण्याचाही धीर न धरता रिक्षा केली.

तिचं कॉलेज आता भागीरथी विद्यापीठ झालं होतं. 'माजी विद्यार्थी कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत हर्डीकर नावाचे गृहस्थ डबा उघडून बसले होते.

"जेवणाची वेळ आहे," हर्डीकर म्हणाले.

"जेवा की. मी बसतो."

"कुणी बघत बसलं की मला जेवण जात नाही. बोला."

हिंदुरावांनी पदवी आणि मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. "हिचा नंबर तुम्ही धंदेवाल्यांना दिलाय. हे नाव जगात दुसऱ्या कुणाकडं नाही. माझ्याकडंसुद्धा नव्हतं."

हर्डीकरांनी पदवीकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि कपाटातून एक जाड फाइल काढली. "धंदेवाले नव्हेत, भागीदार संस्था. माजी विद्यार्थ्यांना सवलती मिळतात."

"दुबईची सवलत?"

"मला नाही मिळाली अजून," हर्डीकर म्हणाले आणि फाइलमधला एक फॉर्म वर काढला. "हं. २०१९. आपण माजी विद्यार्थ्यांची मोहीम काढली होती. त्यांनी स्वतः येऊन भरलाय."

सुहासिनीचं अक्षर होतं. बारीक, सरळ, घरातल्या कुंड्यांवर तिनं चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखं. नावाच्या जागी शालू गेनबा पासलकर. 'विवाहानंतरचे नाव' ही जागा रिकामी. खाली मोबाइल नंबर. हिंदुरावांनी फॉर्म उलटा केला. मागे लिहिलं होतं, 'माझी माहिती भागीदार संस्थांना देण्यास संमती आहे.' पुढचा चौकोन कोरा होता.

"हिनं खूण केलेली नाही," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "बघा तुम्ही. खूण नाही."

हर्डीकरांनी चष्मा वर केला, खाली केला. "नाहीये खरी."

"मग दिलाच कसा?"

"यादी सरसकट गेली. चूक आहे. मान्य." त्यांनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. "इथं सही करा. आठ दिवसांत नाव यादीतून काढून टाकतो. एकही फोन येणार नाही."

हिंदुराव जिंकले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि अर्जावर लिहायचं पदवीचं साल जुळवून बघावं म्हणून फॉर्म सुलटा केला. तेव्हा शेवटची ओळ त्यांना दिसली. 'नोंदणीचा उद्देश.' तिथं तिनं लिहिलं होतं, 'वर्गातल्या मैत्रिणी भेटाव्यात. सासरचं नाव त्यांना ठाऊक नाही.'

ते तीनदा वाचून झालं.

"भेटल्या का हो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"मैत्रिणी."

हर्डीकरांनी ओळ वाचली. "यादी छापून सगळ्यांना द्यायची होती. निधी आला नाही. राहिलं."

"आणि भागीदारांना कशी गेली?"

"ती ईमेलनं गेली."

खोलीतला पंखा कटकट करत होता. हिंदुराव म्हणाले, "मग आता मला द्या. तिच्या वर्गातल्या बायकांचे नंबर. मी कळवतो त्यांना."

"ते नाही देता येणार, चोरघे," हर्डीकर म्हणाले. "खासगी माहिती आहे."

ते कुचेष्टेनं म्हणाले नव्हते. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी डबा उगाच डावीकडून उजवीकडे सरकवला.

हिंदुरावांनी पेनला टोपण लावलं. अर्जाची घडी करून खिशात घातली.

"सही?"

"थांबा जरा. आत्ता काढू नका नाव."

"फोन येत राहतील."

"येऊ द्या."

घरी आल्यावर त्यांनी शेगडी पुसली, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि शेजारी वही ठेवली. दोन दिवस कुणी फोन केला नाही. आठ महिने हैराण करणारी माणसं नेमकी आत्ता मेली कुठं, म्हणून ते स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी येऊन बघत. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो वाजला तेव्हा पिठाच्या हातानंच त्यांनी उचलला.

"हॅलो, शालू मॅडमशी बोलू शकते का?"

"बोला. त्यांच्या घरातूनच बोलतोय."

पलीकडची मुलगी म्हणाली, "खरंच? सर, थँक यू. या लिस्टमध्ये ज्या लेडीजला फोन करते ना, तिथं राँग नंबरच म्हणतात. टीम लीडर मला ओरडतो, तू चुकीचा नंबर लावतेस म्हणून."

हिंदुरावांनी डाव्या हातानं वही उघडली. "कोण म्हणतं राँग नंबर?"

"आत्ताच, तुमच्या आधीचं नाव. हेमा विनायक घारपुरे. सेम बॅच, सेवंटी एट, बॉटनी. तीन वेळा केला, तिन्ही वेळा एक काका राँग नंबर म्हणाले."

"नंबर बरोबर असंल तुझा. सांग बघू."

"सर, असं सांगता येत नाही आम्हाला."

"बरोबर आहे. सांगू नयेच," हिंदुराव म्हणाले. "माझी बायको होती शालू. गेली. हेमा तिच्या वर्गात होती. तिला कुणी कळवलं नाही बाळ."

मुलीच्या मागे इतर मुलींचे आवाज येत होते, सर, मॅम, ऑफर. मग ती हळू आवाजात, एकेक आकडा सुटा करून बोलली. हिंदुरावांनी तो वहीत लिहिला, पिठासकट. दुबईचं तिनं विचारलंच नाही.

आपणही तेच केलं, जे विद्यापीठानं केलं, हे त्यांना आकड्यांकडे बघताना कळत होतं. त्यांनी हात धुतले. मग नंबर लावला, सुहासिनीच्याच फोनवरून.

"हॅलो," पुरुषाचा आवाज आला. वयस्कर, खणखणीत.

"हेमाताई आहेत का?"

"इथं कुणी हेमा नाही. रोज रोज काय चालवलंय तुम्ही? राँग नंबर."

"ठेवू नका, साहेब," हिंदुराव म्हणाले. "मला काही विकायचं नाही. मीपण आठ महिने हेच सांगत होतो सगळ्यांना. आपलं लग्न झालं तेव्हा मंडळींचं नाव बदललं होतं का?"

फोन ठेवला गेला नाही.

"विचारा त्यांना," हिंदुराव म्हणाले. "शालू पासलकर आठवते का, एवढंच."

"मीरा," तो आवाज घरात कुणाकडे तरी वळला, आणि मग बऱ्याच वेळानं, चाचपडल्यासारखा, "हेमा... अगं, शालू पासलकर कोण?"

कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. मग पावलं. म्हातारी पावलं, पण धावत येणारी.

हिंदुराव खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.